अर्धी गोळी ब्रुनोला, अर्धी बंड्याला

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं मोठं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून कुत्र्यांचीही नावं बदलली आहेत. घरी दोन कुत्री. ब्रुनो लॅब्रॅडॉर, चार वर्षांचा, 31 किलोचा. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेनं घेऊन दिलेला. बंड्या गावठी, पाच-सहा वर्षांचा, 17 किलोचा. एका पावसाळ्यात भिजत आला आणि गोठ्यातच राहिला. मुलगा येताना हार्टवर्मच्या गोळ्यांचा डबा आणतो, 'डास चावून हृदयात जंत होतात, एक महिना चुकवू नकोस' असं फोनवर सांगत राहतो. डबा फक्त ब्रुनोपुरता असतो. ताईंच्या मनाला ते बरं वाटेना, म्हणून वर्षभर त्या प्रत्येक गोळी मोडून अर्धी-अर्धी दोघांना देतात. मुलाला हे ठाऊक नाही. फेब्रुवारी ते मे डास कमी असतात म्हणून गोळी बंद ठेवली, जूनमध्ये पुन्हा सुरू केली.

घरात यावरून रोज काही ना काही चाललेलं असतं. सासूबाई म्हणतात, माणसांना औषध मिळेना आणि कुत्र्याला महिन्याला गोळी. यजमान म्हणतात, चुलत दीर दिवाळीनंतर वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांना गुरांचं इंजेक्शन एकेक सीसी टोचतो, आपणही तेच करू. त्यात शेजारचा कुत्रा खोकून खोकून, पोट फुगून गेला. डॉक्टरांनी त्याचं रक्त बघून 'फायलेरिया' म्हटलं होतं. तीन महिन्यांनी जंताची गोळी देतोच, ती पुरत नाही का, असं ताई विचारतात. आणि शेवटी लिहितात: 'एकालाच पुरेल एवढं असेल तर ब्रुनोलाच द्यावं ना? बंड्या काय, गावठी आहे, त्याला काही होत नाही म्हणतात सगळे.'

ताई,

तुमच्या पत्रातला कबुलीजबाब मी दोनदा वाचला. मुलाला न सांगता गोळी मोडणारा हात हा दुष्टपणाचा हात नव्हे, हे आधी सांगून टाकतो. पण त्या अर्ध्या गोळीचा हिशोब मांडून बघू, कारण त्यात एक गंमत आहे.

डब्यावरचा मजकूर तुम्ही उतरवून पाठवलात ते फार बरं केलंत. गोळी 23 ते 45 किलोच्या कुत्र्यासाठी आहे आणि तिच्यात 272 मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन आहे. हार्टवर्म टाळायला लागणारी मात्रा किलोमागे किमान 6 मायक्रोग्रॅम. ब्रुनोच्या 31 किलोंना 186 लागतात. अर्ध्या गोळीत मिळाले 136. म्हणजे ज्याच्यासाठी डबा सातासमुद्रापलीकडून आला, तोच वर्षभर कमी पडला. बंड्याला 102 पुरले असते, त्याला कागदावर तरी भरपूर मिळालं. कागदावर अशासाठी म्हणतो की चघळायच्या गोळीत औषध दोन्ही अर्ध्यांत सारखंच असेल याची खात्री नसते. म्हणून ती मोडायची नसते. तुम्ही दोघांना न्याय द्यायला गेलात आणि तो भलतीकडेच गेला. आजपासून मोडणं बंद.

आता मूळ गोष्ट, कारण ती नीट कळली की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतील. हा जंत पोटातला नाही. पूर्ण वाढलेली मादी वीतभराहून लांब, 25 ते 30 सेंटीमीटर, शेवयांसारखी. ती राहते हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत, आणि संख्या वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यातही. कुत्र्यात ती पाच ते सात वर्षं जगते. तिची बारीक पिल्लं रक्तात फिरत असतात. डास रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात, तिथे दहा-चौदा दिवस उबदार हवेत वाढतात, आणि डास पुढच्या कुत्र्याला चावला की त्या जखमेतून आत शिरतात. शिरल्यावर लगेच हृदयात जात नाहीत. आधी कातडीखाली आणि स्नायूंत मुक्काम, दोन वेळा कात टाकणं, मग सव्वादोन-अडीच महिन्यांनी फुप्फुसाच्या वाहिन्यांत. स्वतः पिल्लं द्यायला लागेपर्यंत सहा-सात महिने.

महिन्याची गोळी यातल्या फक्त पहिल्या मुक्कामातल्या पिल्लांना मारते. आज दिलेली गोळी पुढच्या महिन्यात चावणाऱ्या डासाला अडवत नाही, ती गेल्या महिन्यात आत शिरलेल्यांना साफ करते. किराणा दुकानाची वही असते ना आपल्याकडे, महिनाअखेरीस मिटवायची, तसं हे काम आहे. एक महिना थोडा उशीर झाला तर चालून जातं, पण दोन-तीन महिने वही उघडी राहिली की आतली पिल्लं इतकी मोठी होतात की या छोट्या मात्रेला दाद देत नाहीत. नंतर कितीही नेमानं गोळ्या द्या, ते सुटलेले ते सुटलेलेच.

आता तुमचा फेब्रुवारी ते मे आठवा. चार महिने.

उन्हाळ्यात बंद ठेवायचं हे कुठून आलं ते मला समजतं. बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळ्यात डासच नसतात, तिथे पूर्वी लोक हंगामापुरती गोळी देत. खुद्द अमेरिकन हार्टवर्म सोसायटी आता बारा महिने द्या म्हणते. जंताच्या पिल्लाची वाढ डासाच्या पोटात साधारण 14 अंशांखाली थांबते. बेळगावच्या थंडीचं आपल्याला कौतुक आहे, स्वेटर काढतो आपण, पण दिवसरात्रीची सरासरी काढली तर आपल्याकडे ती डिसेंबरातही 14 च्या बरीच वर राहते. म्हणजे वाढ थोडी रेंगाळते, थांबत नाही. उरला उन्हाळा. डास कमी होतात हे खरं, पण तुमच्याकडे गोठा आहे, गुरांच्या पाण्याचा हौद आहे, न्हाणीचं पाणी परसात सोडलेलं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मे महिन्यात अख्ख्या माळावर डास नसतील, तुमच्या परसात असतील.

म्हणून पहिलं काम: दोघांचंही रक्त तपासा. कोणती गोळी, कुठल्या कंपनीची, स्वस्त की महाग, हे सगळं त्यानंतर. 'हार्टवर्मची अँटिजेन टेस्ट' असं म्हणा. थोडंसं रक्त लागतं, किटवर दहाएक मिनिटांत कळतं. ही टेस्ट पूर्ण वाढलेल्या मादीचा अंश पकडते, त्यामुळे गेल्या सहा महिन्यांत शिरलेले जंत तिला दिसत नाहीत. तुमच्या उन्हाळ्याच्या खंडात काही शिरलं असेल, तर ते आज दिसणार नाही. ब्रुनोची टेस्ट आज निर्दोष आली तरी आजपासून पूर्ण गोळी नेमानं सुरू ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा करा. मग वर्षातून एकदा पुरे. खंड भरून काढायला एकदम दोन गोळ्या देऊ नका. त्याचा उपयोग नाही.

सरकारी दवाखान्यात हे किट प्रत्येक वेळी असेलच असं नाही. आधी फोन करून विचारा, नाहीतर बेळगाव शहरात पाळीव प्राण्यांचे खाजगी डॉक्टर आहेत, तिथे दोघांना एकाच खेपेत घेऊन जा. आणि टेस्टबरोबर रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाही सांगा. त्याचं कारण तुमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यात आहे.

'फायलेरिया' या शब्दानं तुमच्या वाडीत घबराट झालेली दिसते. हा एका जंताचा शब्द नाही, अख्ख्या भावकीचा आहे. हृदयात राहणारा त्यातला एक. त्याचाच एक भाऊबंद कातडीखाली राहतो, तोही डासातूनच येतो, आणि कुत्र्याला फारसा त्रास देत नाही, कधी एखादी गाठ, खाज. तिसरा पिसवा आणि उवांतून पसरतो, तो तर बहुतेक निरुपद्रवीच. तिघांचीही पिल्लं रक्तात वळवळताना दिसतात, आणि घाईघाईत काच बघणाऱ्याला ती सारखीच वाटू शकतात. भारतात हृदयातल्या जंताच्या नोंदी ईशान्येकडच्या राज्यांत जास्त आहेत. दक्षिणेत, विशेषतः केरळात, कातडीखालच्याचं प्रमाण अधिक आहे. तेव्हा शेजारचा कुत्रा हार्टवर्मनेच गेला असं धरून चालू नका. खोकला, धाप, वजन उतरणं, पोटात पाणी ही हार्टवर्मची लक्षणं आहेतच, पण पोट यकृतानेही फुगतं, हृदयाचा स्नायू ढिला पडल्यानेही फुगतं. आता त्याचा छडा लागणार नाही. तुमच्या दोघांचा मात्र लागू शकतो. काचेवर पिल्लं दिसली आणि किट टेस्ट कोरी आली, तर बहुधा तो भाऊबंद आहे, आणि त्याचं काय करायचं हे डॉक्टर निवांत ठरवतील.

सासूबाईंना कदाचित ही भीतीही असेल की कुत्र्याचा जंत माणसाला होतो. कुत्र्यानं चाटल्यानं, त्याला हात लावल्यानं किंवा एका अंगणात राहिल्यानं हा होत नाही, मध्ये डास लागतो. कातडीखालचा जंत डासामार्फत क्वचित माणसात आलेला आहे. केरळात आणि कर्नाटकच्या किनारपट्टीवर डोळ्याच्या पापणीखालून, बुबुळाशेजारून असा जंत डॉक्टरांनी काढल्याच्या नोंदी आहेत. माणसात तो सहसा वाढून पिल्लं देत नाही. त्यासाठी बंड्याला लांब बांधायची गरज नाही, डास कमी करायची आहे. आणि त्यांना हेही सांगा की ज्या औषधावरून त्या बोलतात, ते माणसांच्याही कामाचं आहे. आयव्हरमेक्टिन शोधणाऱ्यांना 2015 चं नोबेल मिळालं ते माणसांतल्या जंतांच्या रोगांसाठी. हत्तीरोगाच्या मोहिमेत देशातल्या काही जिल्ह्यांत घरोघरी जाऊन माणसांना हीच गोळी दिली आहे. हत्तीरोगाचा जंतही याच भावकीतला.

आता दिरांचं इंजेक्शन. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हा प्रकार निपाणीपासून चंदगडपर्यंत सगळीकडे बघितलाय आणि तो करणारी माणसं वाईट नसतात, उलट स्वतःच्या खिशातून बाटली आणतात.

औषध तेच, आयव्हरमेक्टिन. पण गुरांच्या बाटलीत ते एक टक्का असतं, म्हणजे एका सीसीत 10 मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅममध्ये 10,000. गुरांना 50 किलोमागे एक सीसी द्यायचं असतं. बंड्याला हार्टवर्मपुरते हवेत 102 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका सीसीचा शंभरावा भाग. सुईच्या टोकाला लोंबणारा एक थेंबसुद्धा त्याहून मोठा असतो. साध्या सिरिंजनं ही मात्रा मोजताच येत नाही. दीर जो एक सीसी टोचतात तो गरजेच्या शंभरपट आहे.

'पण एकही कुत्रा मेला नाही' असं ते म्हणतील. बरोबर आहे, धडधाकट गावठी कुत्रा बऱ्याचदा एवढं सोसतो, आणि गोचीडही थोडे झडतात, त्यामुळे इंजेक्शन लागू पडल्यासारखं वाटतं. पण कोली आणि शेल्टी यांसारख्या मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांत एक जनुकदोष बऱ्याच जणांत असतो. त्याने हे औषध मेंदूत शिरतं: लाळ गळते, बाहुल्या मोठ्या होतात, झोकांड्या, आंधळेपण, बेशुद्धी. शहरातून कोणी अशी संकरित पिल्लं आणून वाडीत सोडली असतील तर ती बघून ओळखता येत नाहीत. दुसरं, ज्याच्या रक्तात आधीच जंताची हजारो पिल्लं आहेत, त्याला एकदम एवढा डोस गेला की ती सगळी एकदम मरतात आणि कुत्रा तासाभरात कोसळू शकतो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी वर्षातून एकदा दिवाळीनंतर दिलेलं इंजेक्शन वर्षाची वही मिटवत नाही. आधीचा जेमतेम महिना-दीड महिना मिटवतं. पावसाळाभर जे शिरलं ते तोवर पुढे गेलेलं असतं. जोखीम शंभरपट आणि राखण दीड महिन्याची. दिरांना दुखवायचं नसेल तर त्यांच्या हातात दुसरं काम द्या, ते पुढे सांगतो.

तीन महिन्यांची जंताची गोळी पुरत नाही. त्यात बहुतेक प्राझिक्वांटेल, पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल असतं, ते आतड्यातल्या जंतांसाठी. ती बंद करू नका, तिचं काम वेगळं. गोचिडाच्या गोळीचंही असंच आहे, नुसती गोचिडाची गोळी हार्टवर्म थांबवत नाही. डब्यावर आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन किंवा सेलामेक्टिन यांतलं एक नाव हवं. ही औषधं गोळीतही मिळतात, मानेवर कातडीला लावायच्या थेंबांतही, आणि काही गोळ्यांत गोचीड आणि हार्टवर्म दोन्हींची सोय एकत्र असते. बंड्यासारख्या गोठ्यातल्या कुत्र्याला अशी एकत्र गोळी सोयीची पडते. ब्रुनो पोहत असेल, ओढ्यात लोळत असेल, तर थेंबांपेक्षा गोळी बरी.

आणि आता तुमचं शेवटचं वाक्य, ज्याच्यासाठी खरं तर मी हे उत्तर लिहायला बसलो.

ब्रुनो रात्री जाळीच्या खोलीत झोपतो, शेजारी डासांचं मशीन चालू असतं. बंड्या म्हशीच्या पायाशी झोपतो. संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत दोघांपैकी कोणाला जास्त डास चावतात हे तुम्हाला मी सांगायला नको. 'गावठीला काही होत नाही' हे मी चाळीस वर्षं ऐकतोय. डासाला जात कळत नाही आणि या जंतालाही कळत नाही. आपल्याला जे टणक गावठी दिसतात ते वाचलेले असतात. जे वर्षा-दोन वर्षांत कुठे तरी बांधाला पडून गेले, त्यांना कोणी मोजलेलं नसतं, 'गेला कुठे तरी' एवढंच म्हणतात. आणि बंड्याच्या रक्तात जंताची पिल्लं असली, तर तुमच्या परसातले डास ती त्याच्याकडूनच उचलणार आणि ब्रुनोपर्यंत नेणार. एका घरात एकाचीच राखण करून फारसं काही साधत नाही.

म्हणून खरंच एकालाच पुरेल एवढं असेल, तर मी बंड्याला देईन. पण तशी वेळ येणार नाही असं मला वाटतं. मुलाला फोन करून सगळं सांगून टाका, अर्ध्या गोळीसकट. त्याला म्हणा, डबे आणू नकोस, इथल्या डॉक्टरांचं दोघांचं वर्षाचं बिल तू दे. इथे वजनाप्रमाणे मिळणारी गोळी घेतली तर मोडामोड नको, मुदत संपलेला डबा नको, आणि तुमच्या डॉक्टरांना दोघांची नोंदही राहते. तो रागावेल असं तुम्हाला वाटतंय. थोडा रागावेल. पण बंड्याला नाही दिली म्हणून न रागावता तुम्ही वर्षभर जे केलंत ते त्याला कळलं पाहिजे.

पैशाची ओढाताण असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण दर पावसाळ्यात अशी पत्रं येतात. हार्टवर्म हा आपल्या भागातल्या कुत्र्याचा पहिला शत्रू नाही. आधी रेबीजची लस, घरच्या प्रत्येक कुत्र्याला, दर वर्षी, त्यात तडजोड नाही. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी मोफत लसीची शिबिरं होतात, गावातल्या दवाखान्यात विचारून ठेवा. मग गोचीड. गोचीड तापानं, म्हणजे एहर्लिकिया आणि बबेसियानं, मी डोळ्यांदेखत जितके कुत्रे गमावले तितके हृदयाच्या जंतानं नाही. ताप, खाणं सोडणं, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त, यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. त्यानंतर हार्टवर्म. पण ज्यांना तीनही झेपतात त्यांनी तीनही करावं, महिन्याच्या एका गोळीनं पुढचा फार मोठा खर्च टळतो.

तो खर्च कसला, ते थोडक्यात. टेस्टमध्ये जंत निघाले तर दुसऱ्या टेस्टनं खात्री करतात, छातीचा एक्स-रे काढतात. मग महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, काही आठवडे थांबणं, आणि मोठ्या जंतांसाठी मेलार्सोमिनची तीन इंजेक्शनं. ते आर्सेनिकचं संयुग आहे, कंबरेच्या खोल स्नायूत द्यावं लागतं. जिथे ते मिळत नाही तिथे डॉक्टर दुसऱ्या, जास्त लांबणाऱ्या मार्गानं जातात. पण सगळ्यात अवघड काम औषधाचं नसतं, विश्रांतीचं असतं. मेलेले जंत तुकड्या-तुकड्यांनी फुप्फुसात जाऊन अडकतात, तेव्हा कुत्रा धावला तर तिथेच जीव जाऊ शकतो. काही महिने त्याला साखळीवर, शांत ठेवायचं. ब्रुनोला खोलीत ठेवाल. बंड्याला, जो रोज म्हशींबरोबर माळावर जातो, त्याला कसं ठेवाल? असं निघालं तर मला पुन्हा लिहा, घाबरून घरी काही टोचू नका.

आता नेम. तारीख लक्षात राहत नाही ही सगळ्यांचीच रड आहे. आमच्या घरी एके काळी बायकोला वाटायचं मी दिली, मला वाटायचं तिने दिली, आणि स्ट्रिप तशीच्या तशी. एका दिवाळीत फराळाचे डबे उतरवताना तीन गोळ्या सापडल्या. तेव्हापासून आमच्या कुत्र्याची गोळी संकष्टीला. चंद्रोदयाला घरात कोणी ना कोणी जागं असतं, उपास सोडायच्या आधी गोळी, मग आरती. एका संकष्टीपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस, गोळीला हवा तेवढाच. ब्रुनोला तूप लावलेल्या चपातीत गुंडाळून द्या. गिळली की नाही ते बघा, लॅब्रॅडॉर चपाती खाऊन गोळी बाहेर थुंकण्यात पटाईत असतात. नंतर तासभर लक्ष ठेवा, ओकली तर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चौकोनात 'ब्रु' आणि 'बं' लिहून खूण करा. सासूबाई संकष्टी करतात असं तुम्ही लिहिलंय, त्यांच्याकडेच ही खूण सोपवून बघा.

दिरांचं काम डासांचं. दर रविवारी एक फेरी: हौद रिकामा करून घासायचा (नुसतं पाणी बदलून कडेची अंडी जात नाहीत), लाकडांवरच्या ताडपत्रीच्या घड्या झटकायच्या, करवंट्या, फुटके डबे, टायर पालथे करायचे, न्हाणीच्या पाण्याला चर काढून ते अळवाकडे न्यायचं. आठवडाच का, तर उबेत अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी एकदा मोडलं की पुरतं. उपसता येत नाही अशा मोठ्या टाकीत आणि विहिरीत गप्पी मासे सोडा, आरोग्य खात्याकडे ते मिळतात. गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करता तो करा, पण बंड्या खोकत असेल तर त्याला त्या वेळी बाहेर काढा. त्याच्या झोपायच्या कोपऱ्याला खिडकीची जाळी किंवा जुनी मच्छरदाणी ठोकता आली तर उत्तम. माणसांना लावायचं डासांचं मलम कुत्र्यांना लावू नका, ते अंग चाटतात आणि ते पोटात जातं. गुरांचं गोचिडाचं औषधही अंदाजानं नको, ते किती पाण्यात किती, हे डॉक्टरांकडून लिहूनच आणा.

राहता राहिली बंड्याला बेळगावला न्यायची गोष्ट. तो गाडीत कधी बसलेला नसेल. सकाळी त्याला पोटभर खाऊ घालू नका, गाडी लागते, पाणी द्या. टेम्पोत ब्रुनोला पुढे आणि त्याला मागे असं वेगळं ठेवा. गोठ्यातलं त्याचं पोतं खाली अंथरा, ओळखीचा वास असला की तो निम्मा शांत होतो. आणि बरोबर एक रुंद सुती पट्टी घ्या, सुई टोचताना तोंडाला बांधायला. ब्रुनो तर डॉक्टरांच्या मांडीवर चढून बसेल. बंड्याची मात्र आयुष्यातली ही पहिलीच सुई असणार, आणि ती बघून तो कसा वागेल हे तुम्हालाही ठाऊक नाही.